हातउसनी वकील

दमयंतीबाई लासूरकरांनी कोर्टात जाणं बंद केलं, तेव्हा त्यांनी वकिलीच सोडली असं सगळ्यांनी गृहीत धरलं. आपल्याकडे वकील काळ्या कोटावरून ओळखतात. तो कोट गारखेड्यातल्या फ्लॅटच्या कपाटात डांबराच्या गोळ्यांबरोबर टांगलेला दिसल्यावर शेजारच्या बायकांनी ‘बरं झालं, आता घराकडं बघता येईल’ असं मनापासून अभिनंदन केलं. दमयंतीबाईंनी अभिनंदन स्वीकारलं, दार लावलं आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्याला आलेल्या नोटिशीचं उत्तर लिहायला बसल्या.

त्यांनी सोडला होता तो वकिलीतला वाट बघण्याचा भाग. एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली दहाएक वर्षं काढल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण लिहिलं भरपूर, पण न्यायाधीशांसमोर मोठ्यानं म्हटलेलं वाक्य एकच: ‘पुढची तारीख मिळावी.’ बाकीचं बोलणं ज्येष्ठ वकील बोलत, आणि ते दमयंतीबाईंनी लिहिलेलं असल्यामुळे चांगलं बोलत. तेव्हा त्यांनी हिशेबानं विचार केला. जे आपण करतो ते ठेवायचं, जे करण्यासाठी नुसतं बसावं लागतं ते टाकून द्यायचं. माहेरी दुसऱ्यासाठी शब्द जुळवण्याची परंपरा होतीच. पणजोबा लोकांच्या वतीनं देवाशी बोलत, आजोबा लोकांच्या वतीनं तहसीलदाराशी. नात कंपन्यांच्या वतीनं बोलू लागली, एवढाच काय तो उतार.

कामाची पद्धत साधी होती. ज्या ऑफिसात कागद जास्त आणि माणसं कमी, तिथं जायचं, कागद उरकायचे, निघायचं. वाळूजच्या कारखान्यांतून कायदा विभाग म्हणजे दोन-तीन माणसं. त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि दुसऱ्याला पुण्यात नोकरी लागली, की दमयंतीबाईंचा फोन वाजे. मोठ्या वकिलांनाही हायकोर्टाच्या सुट्ट्या संपत आल्या की त्यांची आठवण येई. पुण्यानं मराठवाड्याचं काय काय नेलं याची यादी लोक नेहमी करतात. त्या मानानं पुण्यानं एका मराठवाडी बाईला पोटापाण्याला लावलं, याची नोंद कुठं नाही. त्यांनी लिहिलेल्या कागदावर त्यांचं नाव कधीच नसे. सही दुसऱ्याची असे.

या धंद्याला नाव काय द्यावं हा प्रश्न होता. त्यांचे यजमान लक्ष्मणराव शाळेत चित्रकला शिकवत. त्यांनी चहा पिता पिता तो सोडवून टाकला.

“हातउसनी वकील,” ते म्हणाले. “लागली की मागून न्यायची, काम झालं की परत आणून द्यायची.”

“आणि न दिली तर?”

“तर मी येतो की मागायला. पण आधी बघतो, ते चहा कसा करतात.”

दमयंतीबाईंचा एक नियम मात्र होता आणि तो लोकांना उर्मट वाटे. फोनवर कोणी ‘मॅडम, काय झालंय ना’ अशी सुरुवात केली, की त्या थांबवत. आधी दोन्ही बाजूंची नावं सांगा, हकिकत मागून. कारण उसन्या वकिलाचा मोठा धोका हाच, की एका भांडणातली दोन्ही घरं त्याच्याकडंच येऊ शकतात. एका मंगल कार्यालयाच्या वादात तसं झालं होतं. सकाळी एका वकिलांचा फोन आला, दुपारी समोरच्या वकिलांचा. बाईंनी दोघांनाही ‘मला जमणार नाही’ एवढंच सांगितलं. कारण सांगायचं म्हणजे दुसऱ्याचं गुपित फोडायचं. दोन्ही वकिलांनी मग आपापल्या परीनं शोध लावला, की समोरच्यानं आपल्याविषयी बाईंचे कान भरले. पुढं त्या भांडणात तडजोड झाली, पण त्या दोन वकिलांत झाली नाही.

मग दुष्काळाची वर्षं आली. आली म्हणजे गेली नव्हतीच, मध्ये जरा उठून उभी राहिली होती. बीड बायपासला नव्या इमारतींच्या फलकांवर निळेशार पोहण्याचे तलाव रंगवलेले असत आणि फलकांच्या सावलीत टँकरवाले झोपलेले असत. गारखेड्यातल्या सोसायट्यांत माणसं एकमेकांना ‘जेवलात का’ ऐवजी ‘तुमच्याकडं आलं का’ असं विचारू लागली. शहर तेवढ्यात वाढतच होतं. पाणी नसलं तरी वाढतं ते शहर, असं म्हणायला हरकत नाही. दमयंतीबाईंच्याही कामाला बरकत आली. टँकरचे करार, बोअरच्या तक्रारी, मालाला उशीर झाल्याच्या नोटिसा. दुष्काळ ही दैवी आपत्ती धरायची की नेहमीची, यावर त्यांनी एकाच उन्हाळ्यात दोन कंपन्यांना लेखी मत दिलं. एकीला दैवी म्हणून, दुसरीला नेहमीची म्हणून. दोन्ही मतं बरोबर होती. करारच वेगळे होते.

दोन हजार सोळाच्या मे महिन्यात वाळूजच्या एका कंपनीनं त्यांना महिनाभरासाठी बोलावलं. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. कायदा विभागाचे प्रमुख विश्वजित, वय पस्तिशीच्या आत, शर्ट कायम इस्त्रीचा. त्यांच्या हाताखालची दोन माणसं वर सांगितलेल्या दोन कारणांनी गेलेली. विश्वजितनी पहिल्याच दिवशी जूनपासून कायमच्या नोकरीचंही सुचवलं. दमयंतीबाई ‘बघू’ म्हणाल्या, आणि हे ‘बघू’ नेहमीचं नव्हतं. लक्ष्मणरावांना शाळा वर्षभरात निवृत्त करणार होती.

भांडण असं होतं. कंपनीनं कारखान्यामागची शेतजमीन विकत घेतली आणि तिला भिंत घातली. भिंतीच्या पलीकडं एक जुनी दगडाची खदान होती. आसपासच्या विहिरी कोरड्या पडल्या तरी त्या खड्ड्यात हिरवट पाणी टिकून होतं. अलीकडच्या वस्तीवर मेंढपाळांची घरं. त्यांची मेंढरं त्या शेतातूनच खदानीवर जायची. आता भिंत आल्यावर वाट उरली ती हमरस्त्यानं, आणि हमरस्त्यावर ट्रक होते. दोन वेळा मेंढरं चिरडली गेली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्रिंबक नावाच्या मेंढपाळानं आपल्या मेंढरांचं सगळं खांड आणून कंपनीच्या मुख्य दारात उभं केलं. वेळ निवडली ती पाळी बदलण्याची.

दमयंतीबाई रिक्षातून उतरल्या तेव्हा आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या बसेसच्या मधोमध मेंढरं निवांत रवंथ करत होती. कामगार मोटारसायकली बंद करून फोटो काढत होते.

“हे काय आहे?” बाईंनी दारावरच्या रखवालदाराला विचारलं.

“मेरे कू नको पूछो म्याडम,” तो म्हणाला. “मेरे कू खाली गाड्यां का नंबर लिखने बोले. इनकू तो नंबरच नई.”

विश्वजितना घेऊन बाई वस्तीवर गेल्या. कंपनीतलं कोणी तिथं पूर्वी गेलेलं नव्हतं. नकाशा होता, मग जायचं कशाला. बाभळीखाली त्रिंबक आणि त्याची आई बानाबाई बसली होती. दमयंतीबाईंनी बसायच्या आधीच सांगितलं, “मी कंपनीची वकील आहे. मला जे सांगाल ते कंपनीला कळेल, हे धरून बोला.”

“कळू द्या की,” त्रिंबक म्हणाला. “कळावं म्हून तर मेंढरं दारात नेली. चिठ्ठी लिव्हली असती तर तुमी आला असता व्हय?”

यावर विश्वजितनी मोबाइल पाहिला.

“या वाटेनं किती दिवसांपासून जाता?” बाईंनी विचारलं.

बानाबाई म्हणाली, “मी लगीन होऊन आले ती ह्याच वाटंनं. मेंढरं म्होरं, नवरा त्येंच्या मागं, अन् मी नवऱ्याच्या मागं. मला वाटलं, ह्यो मानूस मेंढरं आनाया गेला व्हता का बायकू.”

“आये, तुला वकीलबाई येगळंच इचारत्यात.”

“मंग येगळंच इचारायचं! मी काय नाय म्हन्ले?”

“जाताना जमिनीच्या मालकाला विचारत होतात का?” दमयंतीबाईंनी विचारलं.

“वाटंला कुनी इचारतं व्हय बाई? उलटा त्योच यायचा इचारत. काढनी झाली की म्हनायचा, बानाबाई, चार दिस खांड बसवा आमच्या रानात. लेंड्या पडत्यात, रान चांगलं पिकतं. आमाला ज्वारी द्यायचा. लई चांगला मानूस.”

विश्वजितचा मोबाइल खाली आला. गाडीत बसल्या बसल्या ते म्हणाले, “मॅडम, ऐकलंत? मालकाच्या बोलावण्यावरून येत होते! म्हणजे परवानगीनं. परवानगीनं वापरलं, की हक्क नाही.”

“बोलावणं शेतात बसायला होतं,” बाई म्हणाल्या. “ते वर्षातून चार दिवस. खदानीवर रोज जात होते, ते बिनबोलावता. वीस वर्षं उघडपणे, न विचारता, न अडवता जे वापरलं, ती वहिवाट. कोर्टात गेलात तर बहुधा हराल.”

विश्वजित गप्प झाले. हुशार माणूस गप्प झाला की काळजी करावी. कंपनीत पोचेपर्यंत त्यांची योजना तयार होती.

योजना वाईट नव्हती, हाच तिचा दोष होता. भिंतीत एक फाटक आधीच होतं, माल आत घ्यायला ठेवलेलं. ते उद्यापासून मेंढरांना उघडायचं. छोटासा कार्यक्रम करायचा, शाल, श्रीफळ, फोटो. त्रिंबकनं अर्ज द्यायचा, की कृपा करून आम्हाला आपल्या जागेतून जाऊ द्यावं, आम्ही आभारी राहू. कंपनीनं तो मोठ्या मनानं मंजूर करायचा. मेंढरं पाणी पितील, पाळी वेळेवर सुरू होईल, आणि ज्या दिवशी त्रिंबकनं ‘कृपा करून’वर सही केली त्या दिवशी त्याच्या आजोबांपासूनची वाट ही कंपनीची मेहेरबानी ठरेल. मेहेरबानी काढून घेता येते. पुढच्या वर्षी त्या जागेवर नवं शेड व्हायचं होतं.

“अर्ज तुम्ही लिहा, मॅडम,” विश्वजित म्हणाले. “तुमचं मराठी चांगलं आहे.”

दमयंतीबाईंनी लिहिला. विश्वजितनी तो वाचला आणि खुर्चीत मागं सरकले. त्यात अर्ज नव्हता, कृपा नव्हती, आभार नव्हते. फाटक वादाचा निकाल लागेपर्यंत उघडं राहील असं होतं, आणि खाली एक ओळ होती: ‘ही तात्पुरती सोय असून तिच्यामुळे दोन्ही बाजूंच्या कोणत्याही हक्कास बाधा येणार नाही.’ त्याच्याही खाली, सही करण्याआधी मेंढपाळांनी स्वतःच्या वकिलाला विचारलं आहे, असं.

“ह्या दोन ओळी काढा.”

“नाही.”

“मॅडम, त्यांच्या मेंढ्यांना पाणी मिळतंय. त्यांना अजून काय हवंय?”

“आज मिळतंय. पुढच्या वर्षी शेडचा पाया खणताना तुम्ही तो आभाराचा कागद बाहेर काढाल. तुमच्या जागी मी असते तर मीही काढला असता, म्हणून तर कळतं.”

“तुम्ही आमच्या वकील आहात.”

“म्हणूनच तुम्हाला सांगते. त्यांची असते तर गप्प बसले असते, तुम्हाला सही घेऊ दिली असती, आणि कोर्टात विचारलं असतं, की ज्याला मजकूर कळला नाही, ज्याला वकील नव्हता, ज्याची मेंढरं तहानलेली होती, त्याच्याकडून कंपनीनं आभार कसे काय लिहून घेतले. माझ्या कागदात तुमचाही हक्क शाबूत आहे. त्यांना हक्क नाहीच, असं तुम्ही खुशाल कोर्टात म्हणा. पण कोर्टात म्हणा.”

“मग तुमच्या नावानं नको,” विश्वजित म्हणाले. “मी दुसऱ्याकडून लिहून घेतो.”

“माझं नाव त्यावर नाहीच,” दमयंतीबाई म्हणाल्या. “काढायला सोपं जाईल.”

विश्वजितनी फोन उचलला. मे महिना होता. कोर्टाला सुट्टी होती आणि कंपनीचे मोठे वकील महाबळेश्वरला थंड हवेत होते, तिथं रेंज नव्हती. पुण्याला गेलेला माणूस आनंदानं तयार झाला, पण शनिवारसाठी. रजेवर असलेल्या बाईंनी फोन घेतला, पण पलीकडून बाळानंच आपली बाजू इतकी जोरात मांडली की विश्वजितनी सॉरी म्हणून ठेवून दिला. मग ते स्वतः लिहायला बसले. इंग्रजीत त्यांचा हात चांगला होता. मराठीत तिसऱ्या ओळीला त्यांनी बाईंकडं पाहिलं. बाई डबा उघडून भाकरी आणि ठेचा खात होत्या.

खिडकीतून मुख्य दार दिसत होतं. त्रिंबक मेंढरं घेऊन पुन्हा आला होता. दुसऱ्या पाळीच्या बसेस रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. कारखान्याच्या व्यवस्थापकांचा फोन आला. मग पुन्हा आला. तिसऱ्या फोनला विश्वजित नुसतं ‘हो सर, ड्राफ्टिंग चालू आहे’ म्हणाले.

“मॅडम, जूनच्या नोकरीचं मी वर बोललोय,” त्यांनी हळू आवाजात सांगितलं. धमकी नव्हती. आठवण होती.

“मला माहीत आहे,” बाईंनी डब्याचं झाकण लावलं. “मला ती नोकरी हवीच आहे, विश्वजित. आमचे यजमान पुढच्या वर्षी निवृत्त होतात. म्हणून मी ह्या दोन ओळी दोनदा वाचून पाहिल्या, की काढता येतील का. येत नाहीत.”

त्या हात धुऊन आल्या आणि पुन्हा खुर्चीत बसल्या. त्या उठून गेल्या असत्या तर विश्वजितना राग धरता आला असता. भांडल्या असत्या तर उत्तर देता आलं असतं. समोर नुसती बसलेली बाई हा फार अवघड प्रतिपक्ष असतो. बाहेर एका बसच्या चालकानं भोंग्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही. मेंढरांवर त्याचा परिणाम झाला नाही, व्यवस्थापकांवर झाला. चौथा फोन आला.

विश्वजितनी कागद उचलला, तसाच्या तसा छापायला पाठवला, आणि म्हणाले, “शाल आणलेली आहे. सत्कार तरी करू द्याल ना?”

“सत्काराला माझी हरकत नाही. पण भाषणात ‘परवानगी दिली’ म्हणायचं नाही.”

दारात टेबल मांडलं. दमयंतीबाईंनी कागद मोठ्यानं वाचला, सावकाश, भोंगा थांबल्यावर. मग त्रिंबकला म्हणाल्या, “हे तुमच्या वकिलाला दाखवा.”

“आमचा कुठला आलाय वकील? तुमीच सांगा की, सही करू का नको?”

“मी कंपनीची आहे. मी सोडून कोणालाही विचारा.”

“आता घ्या! जवळ उभी हाय ती सांगंना,” बानाबाई म्हणाली, “अन् लांबचं हुडका.”

लांबचं सापडलं. गंगापूरला त्यांच्या पाहुण्यांतला एक तरुण वकील होता. त्याला फोन लावून बाईंनी मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्यानं हक्कांची ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली. मग तो म्हणाला, “त्रिंबकमामा, कर सही. त्यातलं एक अक्षर बदलू देऊ नको. बाई, हे लिहिलंय कोणी?”

“कंपनीनं,” दमयंतीबाई म्हणाल्या.

विश्वजितनी सही केली. त्रिंबकनं केली. व्यवस्थापकांनी बानाबाईच्या खांद्यावर शाल घातली आणि नारळ दिला. फोटो झाला. बानाबाईनं शालीचं टोक दोन बोटांत धरून चोळलं. जन्म लोकरीत गेलेला.

“ही लोकर नव्हं,” ती त्रिंबकला म्हणाली, कुजबुजल्यासारखं, पण कुजबुजण्याची सवय नसल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. “ह्येच्यापेक्षा आपलं घोंगडं बरं. त्येंनी आपल्याकडनंच न्यायाचं व्हतं की.”

मग सगळे मागं भिंतीशी गेले आणि रखवालदारानं तिथलं फाटक उघडलं. पुढच्या मेंढीनं उंबऱ्यावर जरा थांबून वास घेतला. पलीकडून पाण्याचा वास आला असावा, कारण मग कोणाला हाकावं लागलं नाही. खांड आत शिरलं, कुत्रं शिरलं, त्रिंबक शिरला. बानाबाई नारळ काखेत धरून सगळ्यांत मागं होती. तिनं फाटकाकडं पाहिलं नाही, व्यवस्थापकांकडं पाहिलं नाही. रोजच्या रस्त्यानं चाललेल्या माणसासारखी ती गेली.

“बघा,” विश्वजित धुळीतून म्हणाले. “एवढं सगळं केलं. आभाराचा एक शब्द नाही.”

“नाही,” दमयंतीबाई म्हणाल्या.

त्यांचा महिना संपल्यावर कंपनीनं त्यांना जूनविषयी काही कळवलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. लक्ष्मणराव म्हणाले, “परत आणून दिली वाटतं.” मग त्यांनी चहा टाकला. गंगापूरच्या वकिलानं दावा लावला. त्याचा निकाल लागायचाच आहे. नवं शेड मात्र झालं. ते बांधताना कंपनीनं नकाशा बदलला आणि शेडची एक बाजू वाकडी घेतली. वाळूजला नव्यानं येणारे इंजिनिअर हमखास विचारतात, की ही भिंत सरळ का नाही. रखवालदार त्यांना थोडं थांबायला सांगतो. दुपारी मेंढरं येतात.